‘फिटिंग फ्री’ची किंमत
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने, आणि तेही वार्षिकांकात, मोटारीतल्या ॲम्प्लिफायरवर लेख लिहावा याचे पुष्कळांना नवल वाटेल. कविता दे, प्रवासवर्णन दे, निदान ‘आजची स्त्री’ या विषयावर चार पाने दे, असे मैत्रिणींनी सुचवूनही पाहिले. पण ज्याबद्दल मला स्वतःचे काही सांगायचे आहे असा विषय माझ्याजवळ हाच आहे. गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी पाच ते साडेआठ मी मामाच्या कार डेकोरच्या दुकानात बिले लिहायला बसते. वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमाली करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, आणि माझी फी त्या बिलबुकातूनच निघते. तेव्हा पुढील मजकुराला कुणी खाल्ल्या घरचे वासे मोजणे म्हणेल. खुशाल म्हणावे.

आमच्या दुकानावर, समोरच्या दुकानावर आणि त्या रस्त्यावरच्या आणखी कितीतरी दुकानांवर एक पाटी आहे : ‘फिटिंग फ्री’. ही पाटी उतरली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगण्यासाठी आधी थोडे ॲम्पविषयी सांगावे लागेल. (दुकानात ‘ॲम्प्लिफायर’ असे पूर्ण कुणीच म्हणत नाही.)

पूर्वी गाडीतला आवाज आवडला नाही की लोक कंपनीचा टेप काढून टाकीत आणि बाजारातला दुसरा बसवीत. आता ते सोपे राहिलेले नाही. नव्या गाड्यांत समोर जो काचेचा पडदा असतो त्यातच गाणी, फोन, मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे असे सारे गुंतलेले असते. तो काढला तर निम्मी गाडी मुकी होते. म्हणून गिऱ्हाईक म्हणते, सेट कंपनीचाच राहू दे, पण आवाज वाढवून द्या. मग कंपनीच्या सेटमधून आवाज घेऊन तो बाहेरच्या ॲम्पमध्ये सोडायचा आणि ॲम्पमधून स्पीकरला द्यायचा, हा मार्ग उरतो. मार्ग चांगला आहे. माझी तक्रार ॲम्पबद्दल नाही.

कंपनीच्या सेटमध्ये ॲम्प नसतो असे नाही. असतो, पण तो बॅटरीच्या व्होल्टेजवरच चालतो. इंजिन सुरू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात, आणि स्पीकरचा रोध सामान्यतः ४ ओहम असतो. दहावीला शिकलेला ओहमचा नियम अजून आठवत असेल तर पुढचा हिशेब कुणालाही करता येईल. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागले की सुमारे ५२ येतात. सेटच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे जे ठळक छापलेले असते त्याचा उगम साधारण इथे आहे. पण हा आकडा लाट चौकोनी झाली तरच येतो, आणि चौकोनी लाट म्हणजे गाणे नव्हे, खरखर. गोल, स्वच्छ लाटेला कागदावरसुद्धा याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट मिळतात, आणि प्रत्यक्षात एका स्पीकरला १८ ते २० वॅट मिळाले तरी पुष्कळ. या खऱ्या आकड्याला ‘आर.एम.एस.’ म्हणतात. तो खोक्यावर असलाच तर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो. अर्थशास्त्रात चालू किमती आणि स्थिर किमती यांतला फरक शिकवताना सरांनी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

बाहेरचा ॲम्प काय करतो? तो बॅटरीचे बारा-चौदा व्होल्ट आधी आपल्या पोटात वाढवून घेतो आणि त्या वाढीव व्होल्टेजवर स्पीकर चालवतो. ही युक्ती आजची नाही. १९३० साली अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्या काळच्या रेडिओतल्या वाल्वना शंभराहून अधिक व्होल्ट लागत आणि गाडीत असत जेमतेम सहा. सुरुवातीला जादा बॅटऱ्या गाडीच्या तळाशी बसवून काम भागवीत. पुढे व्होल्टेज वाढवणारे यंत्र आले. इंजिनाच्या ठिणग्यांची कडकड रेडिओत ऐकू येई, म्हणून स्पार्क प्लगवरही वेगळे उपाय करावे लागत. सांगायचे असे की मोटारीत गाणे आले त्याच वर्षी बसवण्याचे कसबही आले. खोके आणि कसब ही जोडी पहिल्यापासूनची आहे.

किती वॅटने किती आवाज वाढतो याविषयीही गिऱ्हाइकांचा मोठा गैरसमज असतो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जाणवेल इतपत. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट व्हावे लागतात. मग २० चे ७५ वॅट करून काय साधते? साधते ते असे. ढोलकीची थाप किंवा तबल्याचा ठोका त्या एका क्षणाला बाकीच्या गाण्याच्या कितीतरी पट ताकद मागतो. कंपनीचा सेट तिथे अपुरा पडतो, लाटेचे डोके छाटले जाते आणि थाप फाटकी ऐकू येते. ॲम्प असला की तीच थाप भरीव येते, आणि त्यासाठी आवाज मोठा ठेवावा लागत नाही. आमचे फिटरकाका एखादी गाडी पुरी झाली की आवाज कमी करून ऐकतात, वाढवून नव्हे. पहिल्यांदा मला याची गंमत वाटली होती.

आता वायरीकडे येते, कारण माझा खरा विषय तोच आहे.

समजा चारशे वॅटचा (खऱ्या, आर.एम.एस. वॅटचा) ॲम्प बसवला. चांगल्या प्रतीचा ॲम्पसुद्धा घेतलेल्या विजेतली शेकडा ८० च्या आसपास कामी लावतो. म्हणजे पूर्ण ताकदीला त्याला ५०० वॅट हवेत. पाचशेला १३.८ व्होल्टने भागले की ३६ अँपिअर येतात. घरातल्या इस्त्रीला चार-पाच अँपिअर लागतात, यावरून ३६ म्हणजे काय याची कल्पना यावी. बॅटरी पुढे बॉनेटखाली आणि ॲम्प मागे डिकीत किंवा सीटखाली. मध्ये पाचएक मीटर वायर. ही वायर घरात प्लगसाठी वापरतात तशी अडीच स्क्वेअरची घातली, तर वाटेतच सव्वा ते दीड व्होल्ट गळतात आणि पन्नासएक वॅटची उष्णता गालिच्याखाली तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचे दोन सोल्डरिंग आयर्न तापवून गालिच्याखाली ठेवल्यासारखेच हे आहे. एकवीस स्क्वेअरची तांब्याची वायर घातली तर तेच नुकसान पाच-सहा वॅटवर येते. गाणे सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही हे खरे. पण वायर ही वाईटातल्या वाईट क्षणासाठी निवडायची असते.

त्यात आणखी एक फसवणूक आहे. बाजारात जाडजूड, चकचकीत, लाल-निळ्या आवरणाची वायर स्वस्तात मिळते. ती आतून ॲल्युमिनियमची असते. वर तांब्याचा फक्त मुलामा. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या वायरीपेक्षा तिचा रोध साधारण दीडपट असतो. कापलेले टोक ब्लेडने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. पण टोक खरवडून पाहणारे गिऱ्हाईक मी दोन वर्षांत एकही पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट फ्यूजची. पुष्कळांना वाटते फ्यूज ॲम्पला वाचवण्यासाठी असतो. ॲम्पच्या अंगावर त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी असतो, आणि म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट नसेल, तर पत्र्याची धार गाडीच्या थरथरीने आवरण कापत राहते. एक दिवस आतले तांबे पत्र्याला टेकते. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडू शकते. वाटेत फ्यूज असेल तर तो उडून प्रकरण मिटते. नसेल तर वायरच फ्यूज होते.

गेल्या पावसाळ्यात एक व्हॅन आमच्याकडे आली. ॲम्प दुसरीकडे कुठेतरी बसवलेला होता. चालक म्हणाला, “मामा, गाणं मोठं केलं की जळका वास येतोय.” फिटरकाकांनी गालिचा उचलला तर वायरीचे आवरण मऊ होऊन खालच्या फोमला चिकटलेले. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता, ग्रोमेट नव्हते. ॲम्प मात्र मोठा होता, आणि त्यावर चार आकडी वॅट छापलेले होते. ती शाळेची मुले नेणारी व्हॅन होती. मामाने चालकाला विचारले, “बसवायला किती घेतले होते?” तो म्हणाला, “काही नाही. फिटिंग फ्री होतं.”

ज्याने ते काम केले त्याला मी सरसकट दोष देणार नाही. एक ॲम्प नीट बसवायला काय लागते ते पाहा. आधी बॅटरीची तार सोडायची. सीटखालच्या पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही. कंपनीच्या सेटला ॲम्पची वेगळी जोडणी सहसा नसते, म्हणून स्पीकरच्या तारांतून आवाज घ्यायचा; तो जोडताना मूळ वायर कापायची नाही, मध्ये कपलर घालायचा, नाहीतर उद्या गाडीची वॉरंटी मागताना कंपनी बोट दाखवते. त्या दोन तारांपैकी एक ‘अर्थ’ असेल असे समजून बॉडीला टेकवायची नाही, कारण दोन्हींवर सहा-सात व्होल्ट उभे असतात आणि सेटची चिप जाऊ शकते. विजेची वायर गाडीच्या एका बाजूने न्यायची, आवाजाची दुसऱ्या बाजूने. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून उघड्या धातूवर घट्ट बोल्ट मारायचा. हे चुकले की ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डासासारखी शीळ येते आणि वेगाबरोबर चढत जाते. शेवटी ॲम्पवरचा ‘गेन’ लावायचा. हे बटण आवाजाचे नाही. कंपनीच्या सेटमधून येणारा आवाज आणि ॲम्प यांचा मेळ घालण्यासाठी ते असते. ते पूर्ण फिरवून दिले की गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडताना खूश असते आणि महिन्याभरात स्पीकर जाळून परत येते. काही गाड्यांत तर आवाज वाढवला की कंपनीचा सेट आपोआप खर्ज कमी करतो. तो शोधून त्यावर तोड काढणे हे आणखी वेगळेच काम.

हे सारे करायला फिटरकाकांना चार ते पाच तास लागतात. तासाभरातही ॲम्प बसतो आणि वाजतोसुद्धा. दोन्ही गाड्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात, हीच यातली मेख आहे.

आता अर्थशास्त्राचे म्हणाल तर ‘फ्री’ नावाची वस्तू बाजारात नसते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितले गेले. चार तासांची मजुरी कुठून तरी निघालीच पाहिजे. ती तीन ठिकाणांहून निघते. एक, फिटरच्या घाईतून : त्याला रोज ठरलेला, गाड्या जितक्या जास्त तितका मालकाचा फायदा, म्हणून चार तासांचे काम दीड तासात. दोन, वायरीतून : ती गालिच्याखाली जाणार, मग अडीच स्क्वेअरची काय नि एकवीसची काय. आणि तीन, खोक्यातून : नफा सगळा खोक्यात ठेवलेला असल्यामुळे दुकानदार मोठे खोके गळ्यात मारतो. या तिन्हींची बेरीज करून पाहा. गरजेपेक्षा मोठा ॲम्प, गरजेपेक्षा बारीक वायर आणि घाईने केलेली जोडणी. ‘फिटिंग फ्री’ ही पाटी नेमका हाच धोकादायक मेळ जमवून आणते. कुणाच्या मनात वाईट नसले तरी ती तेच करणार, कारण हिशेबच तसा मांडलेला आहे.

गिऱ्हाईकही यात निर्दोष नाही. खोक्यासाठी आठ हजार मोजणारा माणूस वायरीचे पैसे सांगितले की म्हणतो, “वायरीचे कसले पैसे लावताय शेठ? तेवढं आपलं धरून घ्या की त्यातच.” खोके मित्रांना दाखवता येते, निळा दिवा लागतो. वायर कुणाला दाखवणार? आमच्या शेजारच्या मिरजेत सतार-तंबोऱ्यांचे कारखाने आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढायला कारागीर तासन् तास बसतो. घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. काम झाल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही, सुरात मात्र सगळे असते. तिथे जाऊन ‘जवारी फुकट काढून द्या, भोपळ्याचे पैसे देतो’ असे कुणी म्हणत असेल असे मला वाटत नाही. गवयाला त्या कामाची किंमत कळते. मोटारवाल्याला कळत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

हे सगळे मी मामाला सांगून पाहिले. तो शांतपणे म्हणाला, “अगं, पाटी मी काढली की गिऱ्हाईक समोर जातंय. मग तुझ्या फीचं तू बघ.” त्याचे म्हणणे खोटे नाही. एकट्या दुकानदाराने पाटी काढली तर तो बुडतो आणि समोरच्याचे दुकान भरते. फिटरकाकांना विचारले तर ते हसले आणि म्हणाले, “पोरी, मजुरी बिलावर लिहिली तर माझं नाव तरी होईल.” नाव म्हणजे त्यांना काय म्हणायचे होते ते मला नंतर कळले. सव्वीस वर्षे त्यांनी जे काम केले ते कुठल्याच बिलावर कधी आलेले नाही. कागदोपत्री ते झालेलेच नाही.

आमच्या एका प्राध्यापकांनी या लेखाचा विषय ऐकून विचारले की मुळात गाडीत एवढा आवाज हवाच कशाला. प्रश्न रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री अकराला गल्लीत धडधडत येणाऱ्या गाडीचे समर्थन मी मुळीच करणार नाही. कानांचेही तसेच. ८५ डेसिबलमध्ये आठ तासांवर आणि १०० डेसिबलमध्ये पाव तासावर राहू नये असे तज्ज्ञ सांगतात. पण धडधडणाऱ्या गाड्या हा वेगळा विषय आहे. रोज कोल्हापूरला जाऊन येऊन नोकरी करणाऱ्या माणसाला टायरांच्या घरघरीतून किशोरीताईंचा आलाप नीट ऐकावासा वाटला, तर तो गुन्हा नाही. आणि धडधडणाऱ्या गाडीत बसलेल्या पोरालाही गालिच्याखाली जळकी वायर मिळावी असे कोणते प्राध्यापक म्हणतील?

तेव्हा माझे म्हणणे दुकानदारांपेक्षा गाडीवाल्यांना आहे, आणि आपल्या महाविद्यालयाच्या आवारात रोज सकाळी ज्या गाड्या उभ्या राहतात त्यांच्या मालकांना विशेष करून आहे. ॲम्प घ्यायला गेलात की खोक्यावरचे मोठे आकडे वाचू नका, आर.एम.एस. किती ते विचारा आणि गरजेपुरताच घ्या. वाचलेले पैसे वायरीत घाला. टोक खरवडून दाखवा म्हणा. फ्यूज कुठे बसवला ते बॉनेट उघडून पाहा. गाडी सकाळी द्या आणि संध्याकाळी न्या, तासाभरात मागू नका. आणि मजुरी वेगळी लिहून मागा. दहा गिऱ्हाइकांनी मागितली तर मामाला पाटी काढायला माझ्या व्याख्यानाची गरज पडणार नाही. समोरच्यालाही पडणार नाही.

दिवाळीनंतर एवढे मात्र झाले आहे. नवे बिलबुक छापायला टाकताना मामाने मला मसुदा करायला सांगितला. त्यात आता ॲम्पच्या ओळीखाली चार ओळी जास्त आहेत : वायर (तांबे / इतर), जाडी व लांबी, बॅटरीजवळील फ्यूज, अँपिअर, कपलर, आणि फिटिंग मजुरी, फिटरची सही. मजुरीच्या रकान्यात अजून बहुतेक वेळा शून्य लिहावे लागते, पाटी अजून वर आहेच. सहीच्या रकान्यात फिटरकाका आधी अंगठ्याची शाई शोधीत होते. आता मोडी वळणाची का होईना, सही करतात, आणि सही करण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघून येतात.